रद्दीतला अंक



परवा बर्डीच्या फुटपाथवर मला एका कॉलेजचा जुना वार्षिकांक सापडला. रद्दीच्या भावात. आत आपल्याच वस्तीतल्या पोरांच्या पहिल्या कविता.

विद्यापीठाला बांधीव पुस्तक तेवढंच साहित्य वाटतं. पण आपली कविता आधी अंकांत छापली गेली, पुस्तकं मागाहून. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयातूनच १९६७ मध्ये 'अस्मिता' निघालं. त्याचंच पुढं 'अस्मितादर्श' झालं. संपादक गंगाधर पानतावणे, आपल्या नागपूरचे.

आज त्यावर पीएच.डी. होते, प्रोफेसरकी मिळते. आणि अंक? उंदीर कुरतडतात.

आपला इतिहास दुसऱ्याच्या तळटीपेत कशाला? घरातली ट्रंक उघडा. अंक काढा, पानापानाचे फोटो घ्या, साल लिहून ठेवा. रद्दीवाला थांबत नसतो.