एकट्या ढोलाचा आवाज

निवडणूक जवळ आली की वृत्तपत्रांत ‘पडघम वाजू लागले’ असे छापून येते. पडघम हे मुळात रणवाद्य, याची आठवण त्या वेळी क्वचितच कोणाला होते. ‘नौबत’ या शब्दाची गतही तीच. एके काळी दरवाजावर मानाने झडणारी नौबत आता आपल्यावर केवळ संकटाच्या रूपाने ‘येते’. रणवाद्य म्हणजे वीरश्री चेतविणारा घोष, एवढीच आपली कल्पना उरली आहे. युरोपीय पद्धतीच्या पायदळात मात्र ढोलवाल्याचे काम याहून निराळे व अधिक जोखमीचे असे. तो सेनापतीचा कंठ होता.

अठराव्या शतकातील पलटणी खांद्याला खांदा लावून, रांगा धरून लढत. बंदुकांचा धूर एकदा दाटला की अधिकाऱ्याचा हात दिसत नसे आणि शब्दही ऐकू जात नसे. म्हणून हुकूम ढोलावर वाजे. पहाटे उठण्याचा, तंबू मोडण्याचा, शस्त्रे घेण्याचा, रात्री निजण्याचा, प्रत्येकाचा ठेका ठरलेला. १७७९ साली श्टॉयबेन या प्रशियन सेनानीने अमेरिकन सैन्याला कवायतीचे जे पुस्तक लिहून दिले, त्यात साधी चाल मिनिटाला ७५ पावलांची व जलद चाल सुमारे १२० पावलांची सांगितली आहे. ढोलवाले सगळे कोवळे मुलगेच असत, ही चित्रकारांनी रूढ केलेली समजूत. त्यांत प्रौढ माणसेही पुष्कळ होती. ब्रिटिश पलटणीत गुन्हेगार शिपायाला फटके मारण्याचे कामही ढोलवाल्यांच्याच माथी असे. कवींनी हा भाग सोयीस्करपणे गाळला आहे!

या ठेक्यांपैकी एक ठेका शत्रूसाठी होता. ‘आम्हांस बोलणी करावयाची आहेत’ असा त्याचा अर्थ. तो कसा वाजला, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण व्हर्जिनियातील यॉर्कटाउनचे.

१७८१ च्या ऑक्टोबरात लॉर्ड कॉर्नवॉलिस तेथे कोंडला गेला होता. हा तोच कॉर्नवॉलिस, जो पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणापुढे हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेचा दोस्त म्हणून टिपूविरुद्ध उभा राहिला. यॉर्कटाउनला मात्र त्याचे ग्रह फिरले होते. जमिनीवरून वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो यांचा वेढा. समुद्राची वाट फ्रेंच आरमाराने अडवलेली. ९ तारखेपासून तोफा धडधडत होत्या. १६ च्या रात्री नदी ओलांडून निसटण्याचा बेत वादळाने उधळला.

१७ च्या सकाळी ब्रिटिश तटबंदीवर एक ढोलवाला चढला आणि तो ठेका वाजवू लागला. तोफांचा मारा चालूच होता. एबेनेझर डेनी हा तरुण अमेरिकन अधिकारी तेथे हजर होता. त्याने आपल्या रोजनिशीत मोकळेपणाने नोंदविले आहे की, त्या माणसाचा लाल डगला दृष्टीस पडला म्हणूनच काय तो उलगडा झाला. एरवी त्याने प्रलयापर्यंत ढोल बडविला असता तरी त्या गडगडाटात कोणास ऐकू गेला नसता.

क्षणभर थांबून त्या माणसाची अवस्था ध्यानी घ्यावी. हातात शस्त्र नाही, अंगावर सहज नेम धरता यावा असा तांबडा डगला, आणि ज्या आवाजाच्या भरवशावर तो तटावर चढला तो पलीकडे पोहोचतच नाही. तरी वाजवीत राहावयाचे. मग पांढरा रुमाल धरलेला एक अधिकारी बाहेर आला व ढोलवाला वाजवीतच त्याच्याबरोबर चालू लागला. तोफा एकेक करून निवल्या आणि तेव्हा कोठे तो एकटा ढोल ऐकू आला. इतका गोड ढोल आपण कधी ऐकला नव्हता, अशी कबुली डेनीने दिली आहे. अधिकाऱ्याचे डोळे रुमालाने बांधून त्याला आत नेण्यात आले. ढोलवाल्याला परत पाठविले. त्याचे नाव डेनीने लिहिलेले नाही.

शरणागतीच्या अटींतही ढोल आहेच. आदल्या वर्षी चार्ल्सटनला शरण आलेल्या अमेरिकनांना ब्रिटिशांनी निशाणे गुंडाळावयास लावली होती व ढोलांवर ब्रिटिश चाल वाजविण्याची मनाई केली होती. जेत्याची चाल वाजवीत बाहेर पडणे हा पराभूताचा मान समजला जाई. तोच नाकारला गेला. अमेरिकनांनी ही गोष्ट मनात ठेवली. १९ ऑक्टोबरला ब्रिटिश सैन्य बाहेर पडले ते निशाणे गुंडाळून, आणि अटीप्रमाणे ढोलांवर ब्रिटिश वा जर्मन चालच वाजवीत. कॉर्नवॉलिस आजारी असल्याचे सांगून छावणीतच राहिला. तलवार द्यावयास त्याने दुय्यम अधिकारी ओहारा याला पाठविले.