क्रोमियमच्या भरवशावर इन्सुलिन सोडू नका

मधुमेह असलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना कळकळीची विनंती.

‘साखर मुळापासून घालवतं’ असं सांगून कुणी क्रोमियमच्या गोळ्यांची बाटली हातात ठेवली असेल, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इन्सुलिन परस्पर बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही.

या दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. १९५९ साली अमेरिकेत श्वार्ट्झ आणि मर्ट्झ यांनी उंदरांवर प्रयोग करून इन्सुलिनच्या कामाला क्रोमियमची जोड लागते, असं मांडलं. १९७७ साली टोरांटोतल्या एका बाईंची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांना काही वर्षं सगळं पोषण शिरेतूनच दिलं जात होतं. वजन उतरत गेलं, साखर इन्सुलिनलाही दाद देईना. रोज २५० मायक्रोग्रॅम क्रोमियम सुरू केलं आणि इन्सुलिन थांबवता आलं.

पण त्या बाईंच्या पोटात अन्नाचा घासच जात नव्हता. आपण धान्य, डाळी, भाज्या खातो, त्यांतून क्रोमियम मिळतंच. अमेरिकेत २००१ साली ठरलेलं पुरेसं प्रमाण दिवसाला पुरुषांना ३५ आणि बायकांना २५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, असे पंचवीस ते पस्तीस. २०१४ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर क्रोमियम शरीराला अत्यावश्यक आहे, याचाच खात्रीलायक पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. मधुमेहींवरच्या चाचण्यांत कुठे थोडा फरक दिसला, कुठे काहीच नाही. इन्सुलिनची जागा ते घेईल, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

गोळ्या आधीच सुरू केल्या असतील तर लपवू नका, डॉक्टर रागावणार नाहीत. बाटलीच घेऊन जा आणि एका गोळीत किती मायक्रोग्रॅम आहे ते दाखवा. बऱ्याच गोळ्यांत २०० असतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल, तर हे आजच करा. मोठ्या मात्रेनंतर मूत्रपिंड बिघडल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉईडचं औषध क्रोमियमसोबत घेतलं तर अंगी कमी लागतं.

सगळ्यात जास्त काळजी टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांची. त्यांचं इन्सुलिन थांबलं की दिवसभरातही जीव धोक्यात येऊ शकतो. सारखी तहान, उलट्या, पोटदुखी, खोल धापा, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, आणि इन्सुलिन कधीपासून बंद आहे हे आधी सांगा.