वेदनाशामकाची खरी किंमत

उसाचा हंगाम ऐन भरात असताना वालचंदनगर, भवानीनगर वा बारामती येथील एखाद्या औषधांच्या दुकानापाशी घटकाभर थांबले, तर ‘अंगदुखीची गोळी द्या’ ही मागणी हटकून कानी पडते. मागणारा कधी ऊसतोड मजूर असतो, कधी कारखान्यातील फिटर, कधी गुडघेदुखीने जेरीस आलेले निवृत्त शिक्षक. गोळी मिळते, पैसे दिले जातात, व्यवहार संपतो. ‘रक्तदाबाचे औषध चालू आहे काय?’ हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही आणि ग्राहकही आपण होऊन सांगत नाही. सारा धोका या न विचारलेल्या प्रश्नात दडलेला आहे.

डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची निर्मिती रोखून वेदना शमवितात. परंतु हीच द्रव्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळीत असतात. ती घटली की मीठ व पाणी शरीरात साचते, रक्तदाब चढतो आणि टेल्मिसार्टन वा एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांचा गुण उणावतो. त्यांच्या जोडीला लघवी वाढविणारी गोळी असेल आणि उन्हातान्हात घाम गाळून शरीर कोरडे पडले असेल, तर मूत्रपिंड एकाएकी निकामी होण्याची भीती असते.

अर्थशास्त्राचा एक साधा दंडक आहे : सौदा न्याय्य ठरावयाचा तर उभय पक्षांना पुरेशी माहिती हवी. येथे विक्रेत्याला रोग्याचे दुसरे औषध ठाऊक नसते आणि रोग्याला हातातील गोळीचे गुणदोष. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा कायदा आहे. तो पाळला जाईल हे पाहणे शासनाचे कर्तव्यच होय. तथापि एका दिवसाचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी, हे ज्याचे वास्तव आहे, त्याला नुसत्या उपदेशाचा काय उपयोग? त्याला सुरक्षित पर्यायच सांगितला पाहिजे.

असा पर्याय सामान्यतः पॅरासिटामॉल हा होय. मात्र तोही बेताने. एडिंबरो येथील २०२२ च्या चाचणीत रक्तदाबाच्या रुग्णांनी रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे घेतले, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे ५ अंकांनी वाढला. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांत सोडियमही बरेच असते. कित्येक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफिनॅक वा असेक्लोफिनॅक असते. म्हणून वेष्टनावरील घटकांची नावे वाचणे अगत्याचे आहे. रक्तदाबाची गोळी, किंवा हृदयासाठी दिलेली अल्प मात्रेतील ॲस्पिरिन, आपल्या मनाने बंद करणे हा तर दुसरा घातक मार्ग झाला.

उपाय खर्चाचा नाही. दुकानात जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट खिशात असावे आणि नवी गोळी घेण्यापूर्वी ते दाखवावे. दुखणे चारसहा दिवसांत हटले नाही, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाबही मोजून घ्यावा. गोळीची किंमत पाकिटावर छापलेली असते. मूत्रपिंडाची कोठेच छापलेली नसते.