फोटो मिळाला, व्हिडिओचं काय?

२०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि ‘आता सगळं एआयच करणार’ ही चर्चा सायन्सच्या वर्गांतही रंगली. त्या पुरस्काराचे मानकरी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्या अल्फाफोल्डने सुमारे २० कोटी प्रथिनांच्या रचनांचे अंदाज मांडलेत. मग लॅबमध्ये करायला उरलं काय?

बरंच काही. कारण रचना म्हणजे फोटो. प्रथिनं मात्र एका पोझमध्ये थांबत नाहीत. ती वळतात, उघडतात, मिटतात, काही तर चक्क चालतात! कायनेसिन हे प्रथिन पेशीतल्या रुळांवरून माल वाहतं. त्यात बिघाड झाला की मज्जातंतूंचे आनुवंशिक आजार होऊ शकतात. पण नेहमीच्या प्रयोगात कोट्यवधी रेणू एकदम मोजले जातात आणि हाती येते फक्त सरासरी. दादरच्या पुलावरच्या गर्दीचा सरासरी वेग काढला, तर त्यात कोण कुठे अडखळलं हे थोडंच कळणार?

म्हणून एकच रेणू गाठायचा, तोही प्रकाशाने. आर्थर ॲश्किन यांनी १९८६मध्ये लेझरचा ‘चिमटा’ दाखवला. त्यासाठी २०१८मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी त्यांना नोबेल मिळालं. या चिमट्यात सूक्ष्म मणी धरायचा, मण्याला कायनेसिन चिकटवायचं आणि मणी कसा सरकतो ते मोजायचं. १९९३मध्ये उत्तर मिळालं: एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. म्हणजे केसाची जाडी ओलांडायला साधारण १० हजार पावलं! दुसरी युक्ती रंगांची. प्रथिनावर दोन जागी चमकणारे रंग लावायचे; त्या जागा जवळ आल्या की एका रंगाची ऊर्जा दुसऱ्याला मिळते आणि प्रकाश बदलतो. प्रथिन कधी मिटलं, कधी उघडलं, ते लाइव्ह कळतं.

हे फक्त परदेशातच चालतं असं नाही. मुंबईत टीआयएफआरमध्ये रूप मल्लिक यांच्या गटाने याच चिमट्याने डायनीन हे प्रथिन तपासलं. एकेकटं डायनीन कमजोर, पण टीममध्ये तगडं, असं त्यातून दिसलं.

अर्थात हे काम वेळखाऊ आहे आणि काचपट्टीवर दिसलेलं पेशीच्या गर्दीत तसंच घडेल याची गॅरंटी नाही. पण अल्फाफोल्ड तरी शिकलं कशावर? लॅबमध्ये अनेक दशकं खपून मिळवलेल्या रचनांवरच. प्रथिनांच्या हालचालींचा तेवढा मोठा साठा अजून तयार नाही. लॅबवरचा खर्च आटला, तर पुढच्या एआयला शिकायला मटेरियल कुठून मिळणार?

तेव्हा फिजिक्सवाल्यांनो, ‘बायो आपलं नाही’ म्हणू नका. तिथे लेझर जुळवणारे हात हवेच आहेत.