आडात किती, पोहऱ्यात किती?

मोटार घ्यायची म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ रंग, आसने, गाणी वाजविण्याची सोय हे सगळे नंतर. पैशाला पैसा जोडून संसार करणाऱ्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण आता पेट्रोलवरही चालणाऱ्या आणि घरच्या प्लगवर चार्ज करून विजेवरही चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. ‘प्लग-इन हायब्रिड’ हे त्यांचे नाव. आपल्या रस्त्यांवर त्या क्वचितच दिसतात. अमेरिका-युरोपात मात्र त्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. या मोटारींच्या बाबतीत ‘ॲव्हरेज’च्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरी केवढी, हा तो प्रश्न नव्हे. त्या बॅटरीतले वापरायला किती मिळते, हा तो प्रश्न.

उदाहरण घेऊ. जनरल मोटर्सने डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत ‘शेव्हरोले व्होल्ट’ ही मोटार विक्रीस आणली. तिची बॅटरी १६ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत १६ युनिटांची. पण चालकाच्या वाट्याला त्यातली सुमारे १०.४ युनिटेच येत. सरकारी चाचणीत ही गाडी विजेवर ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर जाते असे ठरले. तोच हिशेब पूर्ण १६ युनिटांना लावला, तर आकडा ८६ किलोमीटरांवर जातो. कागदावरचा मोठा आकडा पाहून गणित मांडणाऱ्याचे थेट ३० किलोमीटर चुकले!

मग उरलेली साडेपाच युनिटे गेली कुठे? ती कुणी चोरलेली नाहीत. लिथियमची बॅटरी काठोकाठ भरून ठेवली, त्यातही उन्हाळ्यात, तर ती लवकर म्हातारी होते. तळापर्यंत उपसली तर आतल्या रसायनांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून गाडीतला संगणक वरचा थोडा आणि खालचा बराच भाग राखून ठेवतो. काटा शून्यावर आला तरी आत वीज असते. पुढे पेट्रोलचे इंजिन सुरू झाल्यावर चढणीला हातभार लावायला आणि ब्रेक दाबताना परत मिळणारी वीज साठवायला तीच शिल्लक उपयोगी पडते.

शिवाय या गाडीची बॅटरी लहान असते. निव्वळ विजेवरच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीला रोजच्या ५० किलोमीटरांसाठी साठ्याचा थोडासाच हिस्सा लागतो. प्लग-इन हायब्रिडची वापरायची वीज मात्र तेवढ्यात जवळजवळ संपते. वर्षाचे ३०० दिवस असे धरले, तर आठ वर्षांत २४०० वेळा उपसा आणि २४०० वेळा भरणा. एवढे सोसायचे तर राखीव साठा हवाच. आपण नाही का घरातले चार पैसे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवत?

भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या घरांना हे नवे नाही. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने १.८ युनिटांची होते. पण ती रोज तळापर्यंत उपसू नका, असे जाणता इलेक्ट्रिशियन बजावूनच सांगतो. अंथरूण केवढे आहे आणि त्यावर पाय किती पसरायचे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा माझी तक्रार राखीव साठ्याबद्दल नाही. तक्रार आहे ती मोठा आकडा ठळक छापून छोटा आकडा झाकून ठेवण्याच्या रिवाजाबद्दल. कायद्यांनीही या रिवाजाला हातभार लावला. अमेरिकेत अशा गाड्यांना मिळणारी करसवलत पूर्वी बॅटरीच्या आकारमानावर ठरे आणि ते आकारमान १०० टक्क्यांपासून शून्यापर्यंत मोजावे, असे कायद्यातच लिहिले होते. साडेसात हजार डॉलरची कमाल सवलत मिळायला नेमकी १६ युनिटे पुरत. वापरता किती येतात, हे विचारण्याची त्या कायद्याला गरज वाटली नाही. २०२२ मध्ये ते गणित बदलले आणि सप्टेंबर २०२५ अखेर ती सवलतच संपली.

‘ग्राहकाला इतका तपशील कशाला? तो उगाच गोंधळेल,’ असे कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. घर घेताना ‘सुपर बिल्ट-अप’ आणि ‘कार्पेट’ यांतला फरक आपल्याकडे कोणत्या कुटुंबाला समजावून सांगावा लागतो? भिंतींवाचून घर उभे राहत नाही, पण भिंतीत संसारही मांडता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरांना कार्पेट क्षेत्रफळ जाहीर करायला लावले, म्हणून घरे विकायची थांबली नाहीत. बॅटरीचेही ‘कार्पेट’ सांगितले तर मोटारी विकायच्या थांबणार नाहीत.

जुनी गाडी घेणाऱ्याला तर हा आकडा फारच मोलाचा. परदेशात राहणाऱ्या माझ्या भाचीने वापरलेली प्लग-इन गाडी घेण्यापूर्वी माझा सल्ला विचारला, तेव्हा मी एवढेच सांगितले: ‘रात्रभर चार्ज करायला लाव, सकाळी इंजिन आपणहून सुरू होईपर्यंत विजेवर चालव आणि किती युनिटे खर्च झाली ते पडद्यावर दिसत असेल तर टिपून घे. नवी असताना किती मिळत होती, त्याच्याशी ताडून बघ.’ मात्र ही तुलना करायला मूळचा वापरायचा आकडा ठाऊक हवा. तोच छापलेला नसेल तर बिचाऱ्या ग्राहकाने ताडायचे कशाशी?

सुदैवाने वारे बदलते आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखाली २०२२ मध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा जो जागतिक नियम झाला, त्यात मोजमाप धरले आहे ते वापरता येणाऱ्या विजेचेच. युरोपच्या २०२४ च्या ‘युरो-७’ नियमावलीनुसार मोटारीच्या बॅटरीत ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७२ टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. आपल्याकडेही विजेच्या गाड्या वाढत आहेत. अशा प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकावर एकूण युनिटे आणि वापरायची युनिटे शेजारी-शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरांत छापणे बंधनकारक व्हावे, असे मला वाटते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण घराण्याची अब्रू राखायला ठीक आहे. दुकानदारीत तिचा उपयोग होऊ देता कामा नये. तेव्हा कायदा होईल तेव्हा होवो, पुढच्या खेपेला शोरूमची पायरी चढाल तेव्हा ‘ॲव्हरेज’ विचारण्याआधी विक्रेत्याला एवढे जरूर विचारा, ‘आडातले सांगितलेत, पोहऱ्यात किती येते?’ उत्तर लेखी घ्या.