क्लबमध्ये ई-सिगारेट चालू द्यावी का?

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला. एक बॅडमिंटन हॉल चालवणाऱ्या समितीचे सचिव, दुसरी मुलाला जिममध्ये पाठवणारी आई, आणि तिसरा स्वतः ई-सिगारेट ओढणारा तरुण. त्या तरुणाचं म्हणणं सरळ होतं, "धूर तं निंगतच नाई ना डॉक्टर सायेब, नुसती वाफ हाय."

माझं उत्तर आहे, नाही, चालू देऊ नये. पण फलकावर नुसतं "मनाई आहे" लिहिलं की लोक बाहेर पायरीवर जाऊन ओढतात आणि का मनाई आहे ते कोणालाच कळत नाही. म्हणून कारणं नीट समजून घेऊ.

ही वाफ नाही

आजची ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञानं तयार केली. आत एक बॅटरी, एक तापणारी तार आणि एक द्रव असतो. तोंडानं ओढलं की तार तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. पाणी उकळल्यावर निघते ती वाफ वेगळी. इथे त्या थेंबांमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्यं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. द्रव तापताना फॉर्माल्डिहाइडसारखी त्रासदायक रसायनं थोड्या प्रमाणात तयार होतात आणि तापणाऱ्या तारेतून निकेल, क्रोमियमसारख्या धातूंचे अंश येऊ शकतात.

"पण डॉक्टर, ते फ्लेवर तर खाण्याचे असतात." हो, खाण्याचे असतात. मिरचीची फोडणीही आपण रोज खातो. तीच फोडणी कढईत करपली की घरभर ठसका लागतो. पोटाला जे चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं नाही. पोटात आम्ल आहे, पुढे यकृत आहे. फुप्फुसात गेलेलं मात्र अगदी पातळ पडद्यातून थेट रक्तात उतरतं.

निकोटीनमुळे नाडीची गती वाढते, रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. खेळताना हृदयाला जास्त रक्त हवं असतं, नेमकं तेव्हाच. शिवाय मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयाआधी निकोटीन लागलं तर सवय लवकर जडते आणि सुटायला जास्त त्रास होतो.

शेजारी उभा असलेल्याचं काय?

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ई-सिगारेट ओढणाऱ्यानं सोडलेल्या हवेत सिगारेटच्या धुरापेक्षा विषारी पदार्थ बरेच कमी असतात. पण कमी म्हणजे शून्य नाही. जिथे लोक ई-सिगारेट ओढतात त्या बंद खोल्यांच्या हवेत निकोटीन आणि सूक्ष्म कण मोजले गेले आहेत. शेजारी बसलेल्या, न ओढणाऱ्या माणसांच्या शरीरातही निकोटीनच्या खुणा सापडल्या आहेत.

आता आपला बॅडमिंटन हॉल डोळ्यासमोर आणा. शटल वाऱ्यानं हलू नये म्हणून खिडक्या बंद, पंखे बंद. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात खेळणारा माणूस पन्नास लिटरच्या वर सहज जातो, आणि तीही तोंडानं, म्हणजे नाकाची गाळणी वगळून. चहाच्या टपरीवर शेजारी कोणी फुंकलं आणि हॉलमध्ये कोणी फुंकलं, यात हा फरक आहे. त्यातून खेळणाऱ्यांत एखादा दम्याचा मुलगा असेल, तर त्याची श्वासनलिका आधीच चिडकी असते. पालक त्याला दम वाढावा म्हणून पाठवतात. त्याला तिथे खोकत घरी पाठवणं बरं नाही.

कायदा काय म्हणतो?

१८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारनं अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवणूक आणि जाहिरात, सगळ्यावर देशभर बंदी आहे. निकोटीन असो वा नसो, ई-हुक्काही त्यात आला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समितीच्या लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ज्याच्या ताब्यात जागा आहे त्यानं ती जागा अशा साठ्यासाठी जाणूनबुजून वापरू देणं हेही या कायद्यात बसतं. कॅन्टीनवाल्याच्या कपाटात काय आहे, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

मात्र एक फट आहे. जो ओढतो त्याच्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतो, पण त्यातली धूम्रपानाची व्याख्या तंबाखू ओढण्याची आहे. त्यामुळे क्लबमध्ये कोणी पॉड काढून ओढू लागला तर पोलीस येऊन सोडवतील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. तो निर्णय क्लबनं स्वतः घ्यायचा आहे. म्हणूनच मी हा लेख सभासदांसाठी आणि समित्यांसाठी लिहितो आहे.

"हर्बल आहे हो" हे आपण आधी ऐकलं आहे

हुक्का पार्लरचे दिवस आठवा. "तंबाखू नाही, हर्बल आहे" असंच सांगितलं जायचं. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं. २०१८ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. पुढे २०२३ मध्ये हर्बल हुक्क्याचं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. जिथे मुलं, बायका, म्हातारी माणसं खायला-प्यायला येतात तिथे हुक्का हा पदार्थांच्या यादीतला एक पदार्थ असू शकत नाही आणि खानावळीच्या परवान्यात हुक्का येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

मला तो विचार इथे जसाच्या तसा लागू वाटतो. क्लबमध्ये कोण येतं ते आधी बघा, आत काय चालू द्यायचं ते मग ठरवा.

पण सिगारेट सोडायला तर याची मदत होते ना?

होते, काही जणांना. निकोटीनच्या च्युइंगगमपेक्षा किंवा पट्टीपेक्षा निकोटीनवाल्या ई-सिगारेटनं जास्त लोकांची सिगारेट सुटली, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालं आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्यांना तिचा पर्याय सुचवते. हे मी लपवणार नाही.

पण तिथे द्रवात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही आणि माल तपासलेला असतो. तरीही लहान मुलांमध्ये वापर वाढला म्हणून तिथे एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटची विक्री १ जून २०२५ पासून बंद झाली. आपल्याकडे मिळते ती सगळी चोरीछुपे आलेली. आत किती निकोटीन आहे आणि दुसरं काय मिसळलं आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मिसळलेल्या द्रवानं काय होतं ते अमेरिकेनं २०१९ मध्ये पाहिलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ जण फुप्फुसाच्या गंभीर इजेनं दाखल झाले किंवा दगावले, त्यांपैकी मृत्यू ६८. त्यातले बहुतेक गांजाच्या अर्काचे काळ्या बाजारातले पॉड ओढणारे होते आणि मुख्य संशयित होतं त्यात मिसळलेलं ई-जीवनसत्त्वाचं एक तेलकट रूप. साध्या निकोटीनच्या ई-सिगारेटवर तो दोष टाकणं चूक ठरेल. पण जिथे सगळा बाजारच काळा आहे, तिथे साधी कोणती आणि भेसळीची कोणती हे ओळखणार कोण?

आणि ज्याला खरोखर सिगारेट सोडायची आहे त्याला हॉलच्या आत ओढायची गरज नाही. मेडिकलमध्ये निकोटीनचं च्युइंगगम मिळतं, पट्ट्या आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यायच्या गोळ्या आहेत. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळतं.

आता खर्ऱ्याचं बोलू

इथपर्यंत वाचून अनेकांनी मान डोलावली असेल. आता थोडं टोचणारं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे २६.६ टक्के लोक तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि तोंडात ठेवणारे, चघळणारे २४.४ टक्के. आपल्या परतवाडा-अचलपुरात ही गोष्ट आकड्यांशिवायही दिसते. ई-सिगारेट शंभरातल्या एखाद्याकडे असेल. पन्नीत घोटलेला खर्रा किती खिशांत आहे, ते जिमच्या मागच्या भिंतीवरच्या लाल पिचकाऱ्या सांगतात.

ओपीडीत मला ई-सिगारेटचा पेशंट क्वचित दिसतो. ज्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, ज्याला तिखट सोसत नाही, असा पंचविशीचा मुलगा मात्र नेहमी दिसतो. त्याला विचारलं की कळतं, पहिला खर्रा मित्रांसोबत मैदानावरच खाल्ला होता.

म्हणून एखाद्या क्लबनं ई-सिगारेटला मनाई करून खर्ऱ्याकडे डोळेझाक केली, तर तो नियम आरोग्याचा राहत नाही. शहरातून आलेली नवी वस्तू आवडली नाही, एवढाच त्याचा अर्थ उरतो. पोरांना हे लगेच कळतं. सर खर्रा थुंकून येतात आणि आम्हाला पॉडवरून रागावतात, हे ती मनात नोंदवून ठेवतात.

आपल्याच जिल्ह्यात, अमरावतीत, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. व्यायामशाळा म्हणजे शरीर घडवण्याची जागा, ही समज या भागात शंभर वर्षांहून जुनी आहे. नवा नियम म्हणजे तीच समज पुन्हा लिहून काढणं.

समितीनं काय करावं?

- एकच नियम करा: हॉल, जिम, कॅन्टीन, स्वच्छतागृह आणि मैदानाची कड, कुठेही सिगारेट, बिडी, ई-सिगारेट, हुक्का, खर्रा, गुटखा चालणार नाही.
- नियम प्रशिक्षकांना आणि पदाधिकाऱ्यांना आधी लावा, सभासदांना नंतर.
- तक्रार कोणाकडे करायची, त्याचं नाव फलकावर लिहा.
- कोणी मुलगा सापडला तर पहिल्याच दिवशी काढून टाकू नका. पालकांना बोलवा, शांतपणे बोला, डॉक्टरांकडे पाठवा. क्लबमधून काढलेला मुलगा खेळ सोडतो, पॉड सोडत नाही.

पालकांनो, मुलाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखी किंवा हायलायटरसारखी दिसणारी, गोड वास येणारी वस्तू सापडली तर ती काय आहे ते नीट पाहा. ओरडण्याआधी विचारा, "कधीपासून?" आणि "कुठे मिळाली?" या दोन उत्तरांवरून पुढचा उपचार ठरतो.

आणि ई-सिगारेट ओढणाऱ्या माझ्या तरुण मित्रा, तुला क्लबबाहेर हाकलावं असं मला वाटत नाही. आत ये, खेळ. फक्त ती वस्तू आत आणू नकोस. सोडायची असेल तर ओपीडीत ये, आपण बसून बोलू.