लाल बस, गोड चहा आणि चाल आपली आपली

लंडनमध्ये एक भन्नाट प्रकार असतो. जुन्या लाल डबल डेकर बसमध्ये बसायचं. समोर टेबल, टेबलावर चहा, काकडीची सँडविचेस, स्कोन आणि इवलेसे केक. बस शहरभर फिरते, आपण खात राहतो आणि टूरची थीम म्युझिक असेल तर स्पीकरवर एकामागून एक हिट गाणी! याचं नाव आफ्टरनून टी बस टूर. असलं एखादं रील ऑफिसच्या ग्रुपवर पडलं की पाठोपाठ मेसेज येतोच, "यार, आपल्याकडे असं काही का नाही?"

दुपारच्या चहाचा हा फंडा १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲनाने सुरू केला असं सांगतात. दुपारचं जेवण लवकर, रात्रीचं उशिरा आणि मधे पोटात कावळे. आपल्या ऑफिसातल्या चारच्या चहाला मात्र कुणी डचेस लागली नाही, ही गोष्ट वेगळी! मुंबईत उघड्या टपाच्या डबल डेकरमधून फिरायची मजा होती. पण २०२३ मध्ये बेस्टच्या जुन्या डिझेल डबल डेकर निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्या ओपन डेक गाड्याही गेल्या.

मग लाल बस, चहा आणि गाणं हे कॉम्बिनेशन आता कुठे शोधायचं? माझं उत्तर ऐकून हसू नका. बारामती ते इंदापूर, एसटीने! साधारण ५० किलोमीटर, दीड तासाचा मामला. डिसेंबरातल्या एका शनिवारी मी हा बेत जमवला. टेबल नाही, स्कोन नाही, खिडकीची काच खडखडते. पण म्युझिक टूर म्हणाल तर एक नंबर.

पहिला कप : बारामती

स्टँडजवळच्या टपरीवर पहिला चहा. तुम्ही म्हणाल, बारामती आणि संगीत? तर ऐका. कऱ्हेकाठच्या या गावात अठराव्या शतकात मोरोपंत राहत होते. बारामतीकर नाइकांच्या आश्रयाला असलेले पुराणिक आणि आर्या या वृत्ताचे बादशहा. शाळेत 'केकावली' हे नाव पाठ केलेलं आठवत असेल. मार्कांपुरतं! पण मोरोपंतांची कविता मुकाट्याने वाचण्यासाठी नव्हतीच. कीर्तनकारांनी ती गावोगाव खड्या आवाजात नेली.

त्यांनी १०८ रामायणं लिहिली असं म्हणतात. त्यातलं एक आहे 'निरोष्ठ रामायण'. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरंच वापरायची नाहीत. म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. आता गंमत बघा. 'राम' म्हणायलाच ओठ मिटावे लागतात, म्हणजे रामायणात रामाचं नावच घेता येत नाही! याला म्हणतात चॅलेंज. हातात चहाचा कप घेऊन स्वतःच करून बघा. पाच अक्षरं वगळून दोन वाक्यं बोलताना घाम फुटतो.

याच गावात विद्या प्रतिष्ठानच्या सभागृहाला गदिमांचं नाव आहे. 'गीतरामायण' लिहिणारे गदिमा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेली, सुधीर फडक्यांच्या चालींची ५६ गाणी. म्हणजे बारामतीत एका चहाच्या अंतरात दोन रामायणकार भेटतात आणि दोघांचीही रचना म्हणण्यासाठी केलेली. हे 'म्हणणं' लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

डेक, ट्रॅक्टर आणि साखर

बस निघाली की हा रस्ता साधासुधा नाही हे कळतं. हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. आषाढात याच रस्त्याने देहूची पालखी पंढरपूरला जाते. नारायणबाबांनी, म्हणजे तुकोबांच्या धाकट्या मुलाने, १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला अशी परंपरा आहे.

डिसेंबरात मात्र रस्त्यावर राज्य उसाचं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं आणि या कोरड्या मुलखाचं नशीब पालटलं. भवानीनगरला साखर कारखाना. पुढे चक्क 'जंक्शन' नावाचं गाव, तिथून आत वळलं की वालचंदनगर. आपल्या कपातली साखर इथूनच निघते, तेव्हा या टूरवर चहा गोडच प्यायचा. डाएटचं सोमवारी बघू!

आणि इथलं आजचं म्युझिक? उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि त्यांच्यावरचा डेक! छाती धडधडेल असा बेस. मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जात नाही, म्हणून हा प्रकार धोक्याचाच आणि त्याचं कौतुक नको. पण रात्र रात्र कारखान्याच्या रांगेत उभा राहणारा माणूस जागं राहण्यासाठी गाण्याचाच आधार घेतो, हेही खरं.

काटेवाडीच्या पुढे

वारीत काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो. पुढे बेलवाडीला गोल रिंगण. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, वीणेकरी आणि टाळ-मृदंगवाले धावतात आणि मग अश्व सुटतात. एरवी हीच गावं बसच्या खिडकीतून पाच मिनिटांत मागे पडतात.

माझ्या इअरफोनमध्ये अभंगांची प्लेलिस्ट चालू होती. शेजारच्या मावशी, हाफ तिकीटवाल्या (मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे), माझ्या मोबाइलकडे बघत होत्या. मी एक इअरफोन त्यांना दिला. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि परत केला.

"ब्येस हाय. पर आमच्या दिंडीची चाल येगळी हाय."

आणि मांडीवर हाताने ठेका धरून त्यांनी तोच अभंग हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला पुढच्या सीटवरच्या बाईने मागे न बघताच साथ दिली. कंडक्टरने तिकिटाचं मशिन थांबवलं नाही, कुणी मोबाइल काढून शूट केलं नाही. अभंग संपला, मावशी लासुर्ण्याला उतरून गेल्या.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. गाणं आपल्या पिढीला कधी नव्हे एवढं उपलब्ध आहे. जिममध्ये, कॅबमध्ये, एक्सेल शीट भरताना, सतत कानात. पण मोबाइल बंद करून एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणा म्हटलं तर आपल्यातले किती जण दुसऱ्या कडव्याच्या पुढे जातील?

जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. फार मोठं काम. पण घरोघरी पहाटे उठणाऱ्या त्या ओव्या का थांबल्या? गावात पिठाची गिरणी आली. हात मोकळे झाले, बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण दळण थांबलं आणि ओवीही थांबली. ज्या कामावर गाणं बसलेलं असतं ते काम गेलं की गाणं रेकॉर्डिंगमध्ये राहतं.

वारीचं गाणं अजून टिकलंय, कारण लोक अजून चालतात. चालताना पावलाला ठेका लागतो, म्हणून टाळ लागतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ असं दिवसाचं टाइमटेबल लागतं. दिंडीत ऐकणारे वेगळे आणि गाणारे वेगळे असं नसतं. नवखा माणूस शिरला तरी कुणीतरी त्याच्या हातात टाळ देतं. तोही मग चुकतमाकत वाजवत जातो.

उद्या या रस्त्यावर कुणी स्टार्टअपवाल्याने झकपक एसी टी-बस सुरू केलीच, तर माझी एकच फर्माईश आहे. स्पीकर लावू नका. मोरोपंतांच्या गावात प्रवाशांना एक आर्या शिकवा, काटेवाडीपर्यंत एक अभंग पाठ करून घ्या आणि चहासोबत टाळ द्या. बेसूर झालं तर झालं!

जायचं ठरवलंत तर...

* साखर हंगामात, म्हणजे हिवाळ्यात जा. कोवळं ऊन, हिरवा ऊस आणि दर थांब्याला गरम चहा.
* वारीच बघायची असेल तर देहूहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला. त्यानंतर साधारण आठवड्याभराने पालखी बारामतीत येते. त्या दिवसांत वाहतुकीत बदल असतात, आधी चौकशी करा.
* खिडकीची सीट पकडा. इअरफोन बॅगेतच राहू द्या.
* इंदापूर स्टँडला उतरल्यावर शेवटचा चहा बशीतून प्या. परतीच्या बसमध्ये शेजारच्याला विचारा, "तुमच्याकडे कुठली चाल म्हणतात?" दीड तास कसा गेला कळणार नाही.